बापूसाहेबांचा समुद्र आणि देवमनचा हात

देवमन तायडेच्या हाताचा वास घेतला गेला तो एका श्रावणातल्या शुक्रवारी सकाळी, आणि घेणारा माणूस चांगला शिकलेला, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा होता. साबण लावून आलास का, तंबाखू मळलीस का, असं आधी विचारून झालं. देवमननं नाही म्हटलं, दोन्ही हात पुढे केले. बापूसाहेब वाकले, हुंगले, आणि चष्मा पुसत बसले. अरे, माणसानं खरबूज हुंगावं, दुसऱ्या माणसाचा हात हुंगावा काय!

हा देवमन मूळचा मूर्तिजापूरकडचा. अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला लागून त्याला पाच वर्षं झाली होती, पण कागदावर अजून तात्पुरताच. कायम व्हायचं तर खातेप्रमुखाची चिठ्ठी लागे, आणि खातेप्रमुख म्हणजे बापूसाहेब. म्हणून रोज कॉलेजच्या आधी तासभर तो त्यांच्या घरी राबायचा, तेही फुकट. ये असं कोणी म्हटलं नव्हतं आणि नको येऊ असंही कोणी म्हटलं नव्हतं. असल्या गोष्टी अशाच ठरतात.

बापूसाहेबांच्या घरी समुद्र होता. थट्टा नाही, ओसरीवर ही मोठी काचेची पेटी, आत मुंबईहून आणून बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरवलेलं खारं पाणी, तळाशी पोवळ्याचे दगड आणि दगडांवर नऊ समुद्रफुलं. फुलं म्हणायची एवढंच, जनावरंच ती. पाकळ्या हलवत बसायची आणि कोळंबीचा तुकडा दिला की गट्ट करायची. एकोणीसशे बासष्ट साली, अमरावतीच्या उन्हात, असा समुद्र जगवायचा म्हणजे पोरखेळ नव्हता. रोज पाणी आटायचं, तेवढं गाळीव पाणी वरून घालायचं. पोवळं चुना खातं, म्हणून चुन्याची निवळी थेंबथेंब सोडायची. मॅग्नेशियमचं मीठ आठवड्यातून चिमूटभर, आयोडीन एकच थेंब, दोन पडले तर घात. आणि तांबं तर आसपासही आणायचं नाही. पंपाची तारसुद्धा पाण्याला लागू द्यायची नाही, तांब्यानं हे जीव पटकन मरतात, असं बापूसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

हे सगळं माप देवमनच्या हाती होतं. निवळी एका जागी साचली तर जीव भाजतात, आणि कांडीनं ढवळलं तर फुलं दुखावतात. म्हणून तो कोपरापर्यंत हात घालून पाणी हळूहळू फिरवायचा. फुलांना तो हात माहीत झाला होता. बोट जवळ गेलं की पाकळ्या येऊन चिकटायच्या. दोन वर्षांत एक जीव दगावला नव्हता, आणि देवमनला त्याचा असा अभिमान होता की चतुराबाईला, त्याच्या बायकोला, ती गोष्ट ऐकून ऐकून कंटाळा आला होता.

आषाढात बापूसाहेबांचे मामा मोरोपंत अंजनगाव सुर्जीहून भाच्याकडे राहायला आले. सकाळभर पूजा, मग झोपाळा, आणि झोपाळ्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी. श्रावणात पहिलं फूल आक्रसलं, ते पुन्हा उघडलं नाही. मग दुसरं गेलं. त्याच आठवड्यात बापूसाहेबांनी हात हुंगला.

हुंगून काही हाती लागलं नाही, तेव्हा बाटल्यांवर शिसपेन्सिलीच्या रेघा दिसायला लागल्या. निवळी कुठवर आहे, आयोडीन कुठवर आहे, बापूसाहेब रोज रेघ ओढून ठेवायचे आणि सकाळी मोजायचे. देवमनच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आयोडीन चोरून काय पानाला लावायचं होतं त्याला? पण चिठ्ठी पायजे होती, म्हणून तोंडातून ब्र काढला नाही.

संशय मात्र खरजेसारखा, एकाला झाला की दुसऱ्याला होतो. देवमनही आता बाटल्यांच्या बुचांना केसभर सूत लावून जायला लागला, माघारी कोणी उघडतं का बघायला. सूत जागच्या जागी असायचं. पंपावर संशय घेतला, कोळंबीवर घेतला, मोरोपंतांच्या तपकिरीच्या डबीवरही घेतला. भाद्रपद संपेतो चार फुलं गेली होती.

दसऱ्याला देवमन आणि चतुराबाई नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. तीन दिवसांनी परत येऊन तो पेटीपाशी उभा राहिला, तर उरलेली पाचही फुलं टच्च उघडलेली! त्याला इतका आनंद झाला की तो हसलाच. मग मागं बघितलं, तर बापूसाहेब वही घेऊन बसलेले.

"तीन दिवस तू नव्हतास," ते म्हणाले, "आणि तीन दिवसांत एकही फूल मिटलं नाही. मी काय समजायचं, देवमन?"

सोमवारी समितीची बैठक आहे, तोवर कारण कळलं नाही तर चिठ्ठी देता येणार नाही, असं बापूसाहेबांनी शांतपणे सांगितलं. शांतपणे सांगितलं त्याचंच देवमनला जास्त लागलं.

घरी त्यानं सगळं चतुराबाईच्या कानावर घातलं. ती भाकर थापता थापता थांबली. नोकरी गेली तर काय, ही भीती तिच्या डोळ्यात उभी राहिली आणि भीतीपोटी ती बोलून गेली, "तुमच्या हातातच काई दोष तं नसन ना?"

देवमन ताटावरून उठला. बापूसाहेबांचं हुंगणं त्यानं सोसलं होतं, हे सोसवेना. सहा वर्षांमागं घरातले देव नदीत सोडले ते हेच ऐकायले काय? पण खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याला स्वतःलाही आपल्या हातांचा भरवसा वाटत नव्हता. तो कंदिलापाशी बसून तळवे उलटेपालटे करून बघत राहिला.

शनिवारी त्यानं रोजच्यासारखं माप घातलं, पाणी फिरवलं, हात पुसले आणि फाटकाबाहेर पडला. सायकल लिंबाखाली लावली आणि कुंपणाला वळसा घालून मागच्या बाजूनं परत आला. ओसरीला लागून तगरीचं झाड होतं, त्याच्या आड उभा राहिला. आपण चोरासारखे उभे आहोत याची त्याला लाज वाटत होती, पण तो हलला नाही.

जरा वेळानं देवघरातून मोरोपंत आले. एका हातात तांब्याचं पंचपात्र, दुसऱ्या हातात पळी. पेटीपाशी थांबले, ओठ हलले, आणि तीन पळ्या त्यांनी पाण्यात सोडल्या. एक, दोन, तीन.

देवमन झाडाआडून बाहेर आला. "पंत, हे काय टाकून राहिले तुमी?"

म्हातारा दचकलासुद्धा नाही. "तीर्थ आहे. तुझा हात जातो ना रोज आत. घरात देव आहेत, तेव्हा शुद्ध करून घेतो," ते म्हणाले. आणि पावसाचं आलं म्हणून दार लावून घेतलं असं सांगावं, तशा साध्या आवाजात पुढं बोलले, "मधे तू नव्हतास तेव्हा नाही टाकलं. उगाच कशाला वाया घालवायचं?"

देवमनच्या कानात घण पडल्यासारखं झालं. ते पंचपात्र हिसकून अंगणात भिरकवावं असं त्याला वाटलं, अगदी वाटलं. पण नजर गेली ती पात्राच्या काठावर. काठ हिरवा झाला होता. आत कालच्या पंचामृताचं दह्याचं आंबट पाणी, रात्रभर तांब्यात राहिलेलं. त्याची माय कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवू देत नसे, कळकते म्हणे, पोटात जहर होते. ते कळकलेलं पाणी रोज तीन पळ्या, आषाढापासून!

राग गिळून त्यानं खिशातली रिकामी कुपी पुढे केली. "थोडं मलेबी द्या."

मोरोपंतांनी डोळे बारीक केले. "तुम्ही लोकांनी तर देव सोडले म्हणे?"

"सोडले. तीर्थ पायजे."

म्हाताऱ्यानं वीतभर वरून, कुपीला पळी लागू न देता, धार सोडली. आला शेवटी वाटेवर, असं काहीसं पुटपुटत ते झोपाळ्याकडे गेले.

कॉलेजात जाऊन देवमननं ते पाणी काचेच्या नळीत ओतलं आणि अमोनियाचे थेंब सोडले. नळी निळी झाली. तांबं असलं की अशी निळाई येते हे त्या खोलीत पाच वर्षं राबलेल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नव्हतं. नळी तशीच घेऊन तो बापूसाहेबांच्या टेबलाशी गेला, पाणी कुठून आणलं आणि कशासाठी टाकलं जातं ते सारं सांगितलं.

बापूसाहेब नळीकडे बघत बसले. चेहरा उतरला त्यांचा. मग कागद ओढून त्यांनी तिथल्या तिथं चिठ्ठी लिहिली. कामसू, विश्वासू, हाताचा सफाईदार, असं लिहिलं, खाली सही केली. हे बाहेर बोलू नकोस, म्हणाले. मामांची पळी आजपासून बंद, असंही म्हणाले. आणि मग जरा चाचरले.

"म्हातारं माणूस आहे, त्यांचंही मन राखायला पाहिजे. मी रबरी हातमोजे आणतो. आत हात घालताना तेवढे घालत जा."

देवमननं चिठ्ठीची घडी केली. "साहेब, जहर पळीत होतं. मोजे माह्या हाताले काहून?"

बापूसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. देवमननं चिठ्ठी खिशात घातली. पाच वर्षांच्या घामाची होती ती, कोणाची भीक नव्हती. समितीनं त्याला कायम केलं. पण त्या सोमवारपासून तो त्या घरी गेला नाही. बापूसाहेब कॉलेजात विचारायचे, आज निवळी किती? तो सांगायचा, अचूक सांगायचा. जनावरांशी त्याचं काय वैर?

पळी बंद झाल्यावर चार दिवस उघडली, तरी पुढं फुलं मिटतच गेली. दिवाळीनंतर एकच उरलं होतं, तेव्हा बापूसाहेब स्वतः मोरीपाशी येऊन उभे राहिले. देवमन नळ्या धूत होता. पळी कधीची बंद आहे, पाणीही दोनदा बदललं, मग आता कशानं मरतंय, असं त्यांनी विचारलं. आवाजात संशय नव्हता, अजीजी होती.

देवमननं हातातली नळी उजेडाला धरून बघितली.

"थे जहर दगडात मुरलं, साहेब. वरून बंद केल्यानं निंगत नाई."

"मग?"

"दगड काढा लागन," तो म्हणाला, आणि पुढची नळी धुवायला घेतली.