मनमिळाऊ नव्हती संध्या

फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या बाजारात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होते. पलीकडे संध्याची आई होती. कमलाबाई स्वतः कधी फोन लावत नाहीत, कोणीतरी लावून दिला असणार. "सुमे, संध्या गेली वं," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, "कुठं गेली?" मग मागे कोणी बाई मोठ्यानं रडायला लागली आणि हातातली जुडी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. महोत्सवाच्या मंचावर विजेचा धक्का लागून महिलेचा मृत्यू. त्याखाली त्याच महोत्सवाच्या समितीनं छापलेली श्रद्धांजली होती, तिच्या आधार कार्डासारख्या दिसणाऱ्या फोटोसकट. 'मनमिळाऊ, सुस्वभावी, हसतमुख कलावंत.' मी ते वाचलं आणि मला रडू आलं नाही, संताप आला. तो अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. संध्या उंबरकर मनमिळाऊ नव्हती. ती भांडायची. सूर चुकवणाऱ्या गायकाला तोंडावर सांगायची, उशिरा येणाऱ्याला दारातून परत पाठवायची, आणि कोणी 'ताई, थोडं ॲडजस्ट करा' म्हणालं की तिचं डोकंच फिरायचं. ती मनमिळाऊ असती तर त्या दिवशी मान डोलावून खुर्चीत बसली असती. आज जिवंत असती.

ती अकोल्याच्या जुन्या शहरातली, माळ्याची पोर. वडील शहराबाहेर झेंडू आणि शेवंती लावायचे, आई घरी हार करून बाजारात विकायची. माझी तिची गाठ पडली अमरावतीला, होस्टेलवर. ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती आणि मी बी.ए. पहिल्या आठवड्यातच तिनं बादली पालथी घालून दोन लाटण्यांनी असा काही धुमाकूळ घातला की वॉर्डनबाई धावत वर आल्या. "हे काय चाललंय?" तर ही शांतपणे म्हणते, "प्रॅक्टिस करून राहिली मॅडम. खरा ड्रम आनून देता का?" वॉर्डनबाईंनी बादली जप्त केली. महिनाभर आम्ही दोघींनी एकाच बादलीवर अंघोळी उरकल्या.

गॅदरिंगसाठी आम्ही चौघांनी बँड केला. दोन पोरं गिटारवर, मी गायला आणि ड्रमवर संध्या. नाव ठेवलं 'तर्री'. तालमीला आलेल्या सरांनी ड्रमसेटमागे मुलगी बसलेली पाहिली आणि म्हणाले, "बेटा, तू ढोलकी घे ना. शोभून दिसेल." संध्या म्हणाली, "सर, मी शोभाले नाई आली, वाजवाले आली." मग तिनं वाजवलं. त्या दिवशी सभागृहाच्या मागच्या पत्र्याच्या खिडक्या थरथरत होत्या हे मला आठवतं, आणि तिच्या कपाळावरून घाम गळून तिचा जुना पिवळा कुर्ता पाठीला चिकटला होता तेही. पुढची तीन-चार वर्षं आम्ही यवतमाळ, वर्धा, नागपूर, जिथं बोलावतील तिथं वाजवलं. पेपरवाले लिहायचे 'मुलगी असूनही'. संध्या ते कात्रण फाडून आईला हाराच्या पुड्या बांधायला द्यायची.

मग झालं ते सगळ्या बँडचं होतं तेच. एक पोरगा पुण्याला गेला, एक हैदराबादला, माझं लग्न होऊन मी शाळेत लागले. संध्या कुठं गेली नाही. फुलं ठेवायची खोली होती त्यांच्या घरामागे, सदा ओल्या गोणपाटांचा वास येणारी. तिनं ती वाळवली, भिंतींना कापसानं ठासून भरलेल्या गाद्या लावल्या आणि तिथं स्टुडिओ काढला. "अकोल्यात कापसाले काय तोटा?" म्हणायची. रेकॉर्डिंगचं काम ती दुसऱ्यांच्या स्टुडिओत पडेल ते काम करत, धक्के खात शिकली होती. भजनी मंडळं आली, लग्नाच्या बँडवाले आले, कवी आले, शाळांचे पाठ रेकॉर्ड व्हायला लागले. पुण्याहून एकदा कोणाचा तरी फोन आला, मी तिथंच बसले होते. "जरा रेकॉर्डिस्ट सरांना द्या." संध्या म्हणाली, "मीच हाओ सर. बोला." पलीकडच्या माणसाला हसू आलं, तिच्या बोलीचं की तिचं कोण जाणे. तिनं फोन ठेवून दिला. मी म्हटलं, काम गेलं ना. तर म्हणे, "जाऊ दे. ज्याले माहा आवाज आयकाले जमत नाई, त्याचा आवाज मी कावून आयकू?"

जंगलातल्या सेमाडोहला ती कोरकू आदिवासी बायांची गाणी रेकॉर्ड करायला जायची, तीही त्यांच्या अंगणात. गाणं संपलं की तिथंच हेडफोन त्यांच्या कानाला लावायची. एक म्हातारी स्वतःचा आवाज ऐकून इतकी लाजली की पदरात तोंड लपवून बसली, आणि मग पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा लाव... ते सांगताना संध्याचा चेहरा मऊ व्हायचा. फार थोड्या वेळा मी तो तसा पाहिला.

आता त्या दिवसाचं. मी तिथं नव्हते. जे लिहिते आहे ते, महोत्सव झाला त्या गावच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं, त्या आपल्या मुलींना समूहगीतासाठी घेऊन मंचाशेजारी उभ्या होत्या. ते गाव अकोल्यापासून फार लांब नाही. संध्याला आवाजाची व्यवस्था बघायला बोलावलं होतं. दुपारी अवकाळी सर येऊन गेली होती आणि मंचावरचा गालिचा ओला होता. चारच्या सुमारास तिच्या लक्षात आलं की जनरेटरला अर्थिंग नाही आणि माइकच्या स्टँडला करंट येतो आहे. तिनं समितीच्या अध्यक्षांना सांगितलं, जनरेटर बंद करा, अर्थिंग टाका, अर्धा तास लागेल. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, पाहुणे आले आहेत. इतकी वर्षं असंच चालतं." ती म्हणाली, "इतकी वर्षं कोनी मेलं नाई, हे तुमचं नशीब. कार्यक्रम चालू करू नोका." अध्यक्ष हसले म्हणे. जनरेटरवाल्याला नजरेनंच सांगितलं, चालू ठेव. आणि खाली उभ्या निवेदकानं हातातल्या माइकवरून मुलींच्या शाळेचं नाव पुकारलं.

मुली पायऱ्यांशी गेल्या होत्या. संध्यानं धावत जाऊन दोन्ही हात आडवे धरले. "एकही पोरगी वर जानार नाई." मग माइकच तिथून काढायचा म्हणून ती स्वतः वर निघाली. मंचावर सरस्वतीचा फोटो होता, म्हणून कोणीतरी ओरडलं, "अहो, चपला काढा!" घाईत तिनं चपला पायऱ्यांवर सोडल्या. ओढणी हाताला गुंडाळली होती, पण ती ओढणीही पावसात भिजलेली... पुढचं लिहीत नाही.

तासाभरात कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. दोन मिनिटं मौन पाळून. शाळेतल्या बाई मुलींना घेऊन घरी निघून गेल्या, म्हणून समूहगीत तेवढं झालं नाही. आणि नंतर समितीनं पोलिसांना सांगितलं की बाई अनवाणी मंचावर चढल्या, निष्काळजीपणा त्यांचा. अनवाणी! ज्यांनी चपला काढायला लावल्या, त्यांनीच. हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "जाऊ द्या, आता काय उपयोग? नशीब." आमच्याकडे माणसाच्या हलगर्जीला नशीब म्हणायची फार जुनी सवय आहे. तिला ढोलवाली म्हणून हसणारे आता 'आमच्या वऱ्हाडाची शान' लिहून राहिले. त्यातला एकही जण जबाब द्यायला आला नाही. फक्त त्या शाळेतल्या बाई आल्या. त्यांची नोकरी त्याच गावातली आहे, तरी आल्या. त्यांच्या जबाबावरून गुन्हा नोंदवला गेला. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. मी सोडणार नाही, एवढं माहीत आहे.

तेरवीनंतर समितीची माणसं घरी आली. शाल, श्रीफळ आणि संध्याच्या फोटोला घालायला मोठा हार. अध्यक्ष म्हणाले, दरवर्षी महोत्सवात संध्याताईंच्या नावानं पुरस्कार द्यायचं ठरवलं आहे. कमलाबाई ओसरीत झेंडू ओवत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि हात पुढं केला. अध्यक्षांना वाटलं, हार मागतात. त्यांनी दिला. कमलाबाईंनी तो उलटून पाहिला, फुलं बोटांनी चाचपली.

"हार चांगला हाय," त्या म्हणाल्या. "घेऊन जा."

"आई, असं नका करू. आम्हालाही दुःख आहे."

"तुमाले दुःख असतं तं तुमी त्या दिवशी मशीन बंद केली असती. माह्या पोरीनं हात जोडून नाई सांगितलं, हे मले ठावं हाय. तिले हात जोडता येतच नव्हते. पन सांगितलं तं होतं ना? तिचं नाव तुमच्या बॅनरवर दिसलं, तं मी सोता येऊन फाडीन."

ती माणसं गेली. शाल ओसरीवर ठेवून गेली होती, ती मी पळत जाऊन त्यांच्या गाडीच्या टपावर टाकली.

मागच्या रविवारी पुन्हा अकोल्याला गेले. नातेवाईक म्हणतात, खोली रिकामी करा, भाडेकरू ठेवा. कमलाबाई ऐकत नाहीत. भर दुपारी त्यांनी कुलूप काढलं, फुलांची टोपली घेऊन आत गेल्या आणि गादीच्या भिंतीला टेकून बसल्या. कोपऱ्यात ड्रमसेट होता, चादरीखाली. "काढ ते," म्हणाल्या. मी चादर काढली. "बस." मी म्हटलं, माय, मला नाही वाजवता येत. "मले कुठी समजते? वाजव. दार उघडं ठेव, गल्लीले आयकू जाऊ दे."

मी बसले. ताल नाही, काही नाही, नुसतं बडवत सुटले. हात भरून आले, डोळ्यांपुढं काही दिसेना. कोणीतरी शेजारी दाराशी आलं, आत पाहिलं आणि निघून गेलं. कमलाबाई सुईत फुलं ओवत होत्या, एक एक, नेहमीच्याच वेगानं. शेवटी दमून मी काड्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी मान वर केली.

"कावून थांबली वं?"