चेंडूकडे बघायचं सोडून

काकू शाळेची बस चालवायच्या. सगळे त्यांना बसवाल्या काकू म्हणायचे. सकाळी मुलांना शाळेत सोडलं की शाळा सुटेपर्यंत बस कुठेतरी उभी करावी लागायची, आणि ती जागा होती गोल्फच्या मैदानाच्या कुंपणालगत. मैदान म्हणजे काही बड्या लोकांचा क्लब नव्हता. नऊ होल, एक पत्र्याची शेड आणि बहुतेक वेळा बिघडलेलं चहाचं मशीन. निवृत्त पोस्टमन, दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, ग्रंथालयातून निवृत्त झालेला मी, अशी आमची मंडळी. काकू बसमध्ये बसून काचा पुसत किंवा विणत आम्हाला बघायच्या.

त्यांना मैदानात आणलं त्यांच्या नणंदेने. नणंद म्हणजे आमची मेट्रन. मोठ्या इस्पितळात आयुष्यभर परिचारिका आणि शेवटी मेट्रन होती, म्हणून तेच नाव पडलं. कपाळाला कायम एक आठी. ती तुमच्यावरच आहे असं प्रत्येकाला वाटायचं. तिने एकदा कुंपणापाशी जाऊन बसच्या खिडकीवर टकटक केली आणि म्हणाली, "बसून बसून कंबर धरेल. उतर खाली."

काकू उतरल्या. नणंदेने सांगितलं आणि काकूंनी केलं नाही, असं त्या घरात कधी झालंच नव्हतं.

स्टिअरिंग फिरवून फिरवून काकूंचे खांदे मजबूत झाले होते. पहिल्याच महिन्यात त्यांचा चेंडू आमच्यापैकी निम्म्या पुरुषांच्या पुढे जाऊन पडायला लागला. पोस्टमन म्हणायचा, "काकू, गिअर कुठला टाकलात?" पण हिरवळीवर पोचलं की सगळा डोलारा कोसळायचा. गोल्फमध्ये शेवटी चेंडू होलाजवळ, म्हणजे ज्या खळग्यात तो घालायचा त्याच्याजवळ येतो, गवत बारीक कापलेलं असतं आणि पटर नावाच्या चपट्या काठीने त्याला नुसतं हलकेच ढकलायचं असतं. लांबचा टोला बसतो आणि हातभर अंतरावरून चेंडू आत जात नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, तसला प्रकार. काकू एकट्या असल्या की चेंडू मुकाट आत जायचा. माणसं जमली की त्यांचं मनगट ऐनवेळी झटका खायचं आणि चेंडू होलाच्या कडेने निघून जायचा.

सल्ल्याला काय तोटा! चेंडूकडे बघा. चेंडूकडे नका, होलाकडे बघा. दोघांच्या मध्ये गवताचं एक पातं धरा आणि त्याच्याकडे बघा. रिसेप्शनिस्ट म्हणाली, डोळे मिटून मारा. काकूंनी डोळे मिटून मारला तो स्वतःच्याच बुटावर. मेट्रन मात्र काही बोलायची नाही. ती होलाशेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहायची, आणि चेंडू चुकला की एवढंच म्हणायची, "हं."

स्वतः मेट्रन पटिंगमध्ये, म्हणजे या हलक्या टोल्यांत, आमच्यात सगळ्यात सरस. तिची एक पद्धत होती. चेंडूपासून होलापर्यंत ती सावकाश चालत जायची, पायाने उतार चाचपायची, तशीच परत यायची. मग चेंडूवर जी नजर रोवायची ती हलायची नाही. चेंडू गेला तरी खाली गवताकडे बघत राहायची. आत पडल्याचा आवाज आला की मान वर. आम्ही तिची नक्कल करायचो, पण जमायचं नाही.

काकूंचं आणि तिचं नातं समजायला थोडं मागे जायला हवं. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. नवरा कुलपं दुरुस्त करायचा, दिवसभर दुकानात. मेट्रन तेव्हा साधी परिचारिका, पलीकडच्या गल्लीत राहायची. ड्युटी संपली की आईकडे यायची. तिने नव्या भावजयीला सगळं शिकवलं. आजारी माणसाला कुशीवर कसं वळवायचं, त्याच्याखालची चादर त्याला न उठवता कशी बदलायची, चादरीचे कोपरे कसे घट्ट खोचायचे. कोपरा ढिला राहिला की दोनच शब्द, "पुन्हा कर." काकू पुन्हा करायच्या. सासूबाईंच्या पाठीला शेवटपर्यंत एक जखम झाली नाही, हे काकू अजूनही अभिमानाने सांगतात. पण त्या सगळ्या काळात नणंदेने कधी "छान केलंस" म्हटलेलं त्यांना आठवत नाही. काकूंनी बस चालवायचा परवाना काढला तेव्हा सगळं घर हसलं. मेट्रन हसली नाही, पण "बघू" म्हणाली. काकूंना हसणाऱ्यांचं काही वाटलं नाही, ते "बघू" मात्र जिव्हारी लागलं.

मेट्रनची मुलगी, म्हणजे काकूंची भाची, विद्यापीठात खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास करत होती. गोल्फ खेळणारे पटिंग करताना नेमकं कुठे बघतात, हा तिचा विषय. तिला सगळ्या दर्जाचे खेळाडू हवे होते. चांगले मिळत होते, वाईट कबूल होत नव्हते. ती काकूंना म्हणाली, "मामी, तू येशील का? रागावू नकोस, पण मला तुझ्यासारखंच कुणीतरी हवंय."

"म्हणजे वाईट."

"म्हणजे प्रामाणिक."

काकू हसल्या आणि तयार झाल्या. मेट्रनही जाणार होतीच. मलाही नेलं, मी मधल्या दर्जाचा म्हणून.

एका लांबट खोलीत हिरवा गालिचा अंथरला होता, टोकाला होल. डोळ्यांवर एक चष्मा चढवायचा, त्यात इवलासा कॅमेरा. आपण जे बघतो ते पडद्यावर दिसतं आणि आपली नजर जिथे आहे तिथे एक लाल ठिपका फिरतो. आधी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायचा. मेट्रनने तो शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मग तिने चेंडू मारले, आणि लाल ठिपका चेंडूच्या मागच्या कडेवर असा बसला की जणू खिळा ठोकलाय. भाची खूश. "बघा, चांगल्या खेळाडूची नजर अशी असते. मारायच्या आधी एका जागी थांबते आणि मारल्यावरही तिथेच राहते."

माझा ठिपका चेंडू आणि होल यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होता. मग काकूंची पाळी. मेट्रन सवयीने होलाशेजारी जाऊन उभी राहिली. काकूंनी चेंडू मारले, बहुतेक चुकले. मेट्रन "हं" म्हणून हात धुवायला बाहेर गेली.

भाचीने चित्रण लावलं. मग तिने तेच पुन्हा लावलं. ठिपका चेंडूवर, होलावर, परत चेंडूवर. इथपर्यंत ठीक. पण पटर मागे गेला की ठिपका टुणकन उडी मारून वर जायचा, मेट्रनच्या चेहऱ्यावर, आणि काठी चेंडूला लागेपर्यंत तिथेच. प्रत्येक वेळी.

"मामी," भाची हळूच म्हणाली, "चेंडूकडे बघायचं सोडून आईकडे काय बघतेस?"

काकूंचा चेहरा लालबुंद झाला. "मी? मी नाही बघत."

"हे बघ की."

"बंद कर ते. आणि तुझ्या आईला दाखवू नकोस, तुला माझी शपथ."

पण मेट्रन दारात उभी होती. हातरुमालाने बोटं पुसत होती. तिने पडद्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, पर्स उचलली आणि म्हणाली, "चला, उशीर होतोय."

पुढच्या आठवड्यात मेट्रन मैदानावर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काकूंना घास गोड लागेना. नवरा म्हणाला, "ताईचं काय एवढं मनावर घेतेस? तिचं तोंड लहानपणापासून तसंच आहे. आमचा कुत्रा घाबरायचा तिला." काकूंना हसू आलं नाही. एक दिवस दुपारची फेरी झाल्यावर बस आगारात लावून त्या थेट नणंदेकडे गेल्या.

मेट्रनने दार उघडलं, आत घेतलं, चहा ठेवला. मग तिने विचारलं, "माझ्या तोंडावर काय लिहिलंय गं? एवढं काय वाचतेस?"

काकू म्हणाल्या, "'पुन्हा कर' असं."

"अजूनही?"

"अजूनही. ताई, तुम्ही होलापाशी उभ्या असता ना, तेव्हा मला चेंडू दिसतच नाही. तुम्हाला काय वाटेल एवढंच दिसतं. तुमचा दोष नाही म्हणा."

मेट्रन खुर्चीत मागे टेकली. आणि हसायला लागली. काकूंनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. आधी त्यांना वाटलं ती रडतेय.

"अगं वेडे, मला काय वाटणार? मला तू दिसतच नाहीस! एवढ्या अंतरावरून तू म्हणजे निळा स्वेटर घातलेला एक ढग असतेस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे माझ्या. चेंडू आत गेला की नाही ते मी आवाजावरून ओळखते. म्हणून तर तिथे जवळ जाऊन उभी राहते."

"पण तो तक्ता? तुम्ही तर शेवटची ओळसुद्धा वाचली!"

"तो तक्ता मला पाठ आहे. वॉर्डात दिवसातून दहादा ऐकलाय."

एवढी वर्षं नाही, तरी निदान गेली दोन-तीन वर्षं त्या ज्या चेहऱ्याला भीत होत्या, त्याला त्या दिसतही नव्हत्या. आणि आम्ही जिची नक्कल करत होतो ती मेट्रनची ठाम नजर? होल म्हणजे नुसता डाग, मग तिकडे बघून करायचं काय? पायांनी अंतर मोजायचं आणि जवळचा चेंडू तेवढा बघायचा.

"मग ऑपरेशन का नाही केलंत?" काकूंनी विचारलं.

मेट्रनने कप खाली ठेवला. "भीती वाटते."

"तुम्हाला?"

"मला. शेकडो जणांना हात धरून आत नेलंय मी. काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं, असं सांगून. स्वतःची वेळ आली तर पाय उचलत नाही. लेकीला सांगू नकोस."

काकू उठल्या. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. "शाळेला सुट्टी कधी आहे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी नेणार तुम्हाला. आणि लेकीला मीच सांगणार आहे, आत्ता, तुमच्यासमोर."

"हं," मेट्रन म्हणाली. काकू सांगतात, त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं की त्या "हं"चा काही अर्थ नसतो. तो नुसता आवाज आहे.

ऑपरेशनच्या दिवशी मेट्रन इतकी बडबडली की डॉक्टरांनी काकूंना आत बोलावून घेतलं. काकूंनी तिचा हात धरला. "काही होत नाही," काकू म्हणाल्या. "खोटं बोलू नकोस," मेट्रन म्हणाली, पण हात सोडला नाही. दुसऱ्या डोळ्याचं काही आठवड्यांनी झालं. मधल्या काळात काकू रोज जाऊन डोळ्यांत थेंब घालायच्या, तिची चादर बदलायच्या. दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा मेट्रनने भावजयीला नीट निरखून पाहिलं. "अगं, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुम्ही बघत नव्हतात तेव्हा."

थेंब घालायचं काम संपलं की काकू घरी जाण्याआधी एकट्याच हिरवळीवर थांबायच्या. भाचीने चेंडूच्या मागच्या कडेवर पेनाने ठिपका काढून दिला होता. त्याच्याकडे बघायचं, मारायचं, आणि चेंडू गेल्यावर जिथे तो होता त्या गवताकडे बघत राहायचं. ऐकायला सोपं आहे. मान वर करायचा मोह इतका जबर असतो की काकू दात आवळून उभ्या राहायच्या. हळूहळू जमायला लागलं. मेट्रन मैदानात परतल्यावर काकूंनी तिला स्पष्ट सांगितलं, "ताई, तुम्ही माझ्या पाठीमागे उभ्या राहा." मेट्रन निमूट जाऊन उभी राहिली. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

फजिती झाली ती मेट्रनची. तिला आता होल लख्ख दिसायला लागला, झेंडा दिसायला लागला, झाडावरचा पक्षी, पोस्टमनच्या शर्टाचं तुटलेलं बटण. तिची नजर एका जागी ठरेना. चेंडू एकदा होलाच्या अलीकडे थांबायचा, एकदा पार पलीकडे जायचा. "आधीचं बरं होतं," ती कुरकुरायची. जोडीच्या स्पर्धेत दोघींनी नाव दिलं. चेंडू एकच, टोले आळीपाळीने. शेवटून तिसऱ्या आल्या. काकूंनी त्यांच्या वाट्याचे जवळजवळ सगळे हलके टोले आत घातले. मेट्रनने घातले नाहीत. परतताना तिने पटर पिशवीत कोंबला आणि म्हणाली, "तुझ्यामुळे निदान शेवटच्या तरी नाही आलो." कौतुकाच्या बाबतीत तिच्याकडून याहून जास्त मिळण्यासारखं नव्हतं, आणि काकूंना ते पुरेसं वाटलं.

भाचीला मेट्रनचं सगळं चित्रण बाद करावं लागलं. ती आईवर महिनाभर चिडली होती.

आता शाळेने बसचा मार्ग बदललाय. मधली दुपार काकूंना मोकळी मिळत नाही, म्हणून त्या दोघी रविवारी पहाटे येतात, आमच्या सगळ्यांच्या आधी. गवतावर दव असतं. चेंडू गेला की त्याच्या मागे एक गडद रेघ उमटते, किंचित वळत होलापर्यंत गेलेली किंवा बाजूने निघून गेलेली. आम्ही पोचतो तेव्हा हिरवळीवर तशा बऱ्याच रेघा असतात आणि दोघी बाकावर बसून थर्मासमधला चहा पीत, कुठली रेघ कुणाची यावर वाद घालत असतात.