फक्कीची पिशवी

खोदकामाआधी जमिनीखाली केबल, पाइप की आणखी काय पुरलंय, हे रडारची ढकलगाडी फिरवून बघायला तो आमच्या बांधकामाच्या साइटवर येतो. किरकिरा माणूस. गाडीपुढे कुणी आलं की खेकसतो, आणि खुणेच्या फक्कीला कुणाला हात लावू देत नाही.

आंदर मावळातल्या आमच्या शेतात घर बांधायचं ठरलं, तेव्हा मी त्यालाच बोलावलं. बारशाआधीच गेलेली माझी थोरली बहीण तिथं पुरली होती. बांध बदलले, तशी आईलाही जागा सापडेना.

गाडीच्या पडद्यावर एका जागी कधीकाळी उकरलेली माती दिसली. त्यानं फक्कीची पिशवी आईच्या हातात दिली. घराला अडचण नको म्हणून तिनं इवलासा गोल काढला.

तो खेकसला, “एवढंसं कशाला, मावशी? ऐसपैस काढा. घर काय, सरकंल की.”

घर सरकवलं. साइटवर तो अजूनही माझ्यावर खेकसतो. मला बरं वाटतं.