गळक्या घराचा भाडेकरू

कुठंही थेंब पडल्याचा आवाज आला की त्या प्लंबरचे हात शिवशिवायचे. स्वतःच्या लग्नात हा पठ्ठ्या नवरदेवाच्या कपड्यांत हॉलमधला फ्लश उघडून बसला होता, आणि बायको पाहुण्यांसमोर एकटी उभी! अशा माणसाला परक्या देशात भाड्याचं घर शोधायला पाठवूच नये. पण त्याच्यासाठी दुसरं कोण शोधणार? त्याचं त्यालाच शोधायचं होतं, आणि तेही महिनाअखेरच्या आत.

बायको आणि सात वर्षांची मुलगी मागं राहिल्या होत्या, बायकोच्या भावाकडं. दोघींना इकडं आणायचे कागद होत आले होते. अडलं होतं एकाच गोष्टीवर: त्याच्या स्वतःच्या नावावर घराचा करार हवा होता. तो महिनाअखेरपर्यंत जोडला नाही तर अर्ज रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं, म्हणजे आणखी दोन वर्षं. दोन वर्षं आधीच गेली होती. बायको फोनवर कुजबुजत बोलायची, कारण शेजारच्या खोलीत वहिनीचे कान टवकारलेले असायचे.

"अहो, काल वहिनींनी हिला विचारलं, तुझा बाबा तुम्हाला नेणार आहे ना गं नक्की? सगळ्यांसमोर विचारलं."

हे ऐकलं की त्याच्या अंगाची लाही लाही व्हायची. आणि घर काही मिळेना! तो स्वतः एका खोलीत पाच जणांबरोबर राहत होता, तो पत्ता चालणार नव्हता. कुठल्याही एजंटसमोर बसलं की पहिला प्रश्न ठरलेला. "आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र आहे का?" अरे शहाण्या, आधीचं घर असतं तर तो तुझ्या दारात कशाला आला असता? या देशात त्यानं घरच घेतलेलं नाही, तर पत्र काय आकाशातून पडणार? पण पत्र नाही म्हणून घर नाही, आणि घर नाही म्हणून पत्र नाही. फोन केला तर नुसता उच्चार ऐकूनच पलीकडून उत्तर यायचं, "आत्ताच गेलं हो." मग 'भाड्याने देणे आहे'ची पाटी पंधरा दिवस तशीच लटकलेली दिसायची. आणि याच लोकांच्या सिंकखाली हाच माणूस दिवसभर उताणा पडून त्यांची घाण उपसत होता. तेव्हा कुणी नाही विचारलं, पत्र आहे का म्हणून!

अशी दहा घरं झाली. अकराव्या घराची मालकीणबाई मात्र बोलायला भारी गोड. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. तिनं पत्राचं नावही काढलं नाही.

"बाथरूम तेवढं गळतं," ती म्हणाली. "तीन माणसं बघून गेली, कुणाला जमलं नाही. तुम्हाला चालत असेल तर रविवारी या, सही करून टाकू."

चालत असेल तर? त्यानं तिथल्या तिथं तीनदा मान डोलावली. बाई खाली कुणाशी तरी बोलायला गेली आणि हा एकटा वर उरला. बाथरूममधून आवाज येत होता, टप, टप. सरळ कामावरून आलेला, पिशवी खांद्यावरच. अरे बाबा, सही होऊ दे, मग कर काय करायचं ते! पण नाही. यानं पाना काढला. नळामागचा जोड उघडला, आटे पार झिजलेले. पिशवीतला नवा जोड काढला, टेप गुंडाळली, आवळला. वीस मिनिटांत थेंब बंद. वर लादीही पुसून काढली! बाई परत आली तेव्हा हा पहिला नंबर आल्यासारखा उभा होता.

"जादूच केलीत हो तुम्ही," बाई म्हणाली आणि दोनदा नळ उघडून बंद केला.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांच्या प्रती घेऊन गेला. दार उघडंच होतं. आत खोकी, गुंडाळलेली गादी, आणि एक तरुण जोडपं पडदे लावत होतं.

"हा माझा भाचा," मालकीणबाई म्हणाली. तिला जरा संकोच वाटायला हवा होता, पण कुठला! "आधी यालाच द्यायचं होतं हो. पण याची बायको त्या गळतीमुळं नाक मुरडत होती. आता काय, प्रश्नच मिटला. तुमच्या कामाचे किती झाले ते सांगा, देऊन टाकते."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, तुम्ही मला शब्द दिला होता. माझी बायको, माझी मुलगी..."

"सही कुठं झाली होती? आणि तुम्हाला हात लावायला सांगितलं होतं कुणी?"

ते खरंच होतं, आणि तेच जास्त झोंबलं. जिन्यात उभं राहून त्यानं आपल्या भाषेत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पैसे न घेता निघून आला.

बायकोला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदाच कुजबुजली नाही. "तुम्हाला हात खिशात ठेवता येत नाहीत? मी इथं वहिनींच्या तोंडाकडं बघत दिवस काढतेय, आणि तुम्ही लोकांचे नळ दुरुस्त करा फुकटात!" फोन आपटला. त्याच्या खोलीतल्या वेल्डरनं हे सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "येडा आहेस का रे? चांगलं घर तुला देणार कोण? गळत होतं म्हणूनच ते तुझ्यापर्यंत आलं होतं."

महिना संपायला चार दिवस उरले. बारावं घर एका दुकानामागं, तळमजल्यावर. सिंकखालचा पाईप गळत होता, भिंतीला छातीपर्यंत ओल. मालक निवृत्त ड्रायव्हर. "आहे हे असं आहे," तो म्हणाला. "कुणी टिकत नाही. दुरुस्त झालं की मुलालाच देईन, तोवर राहा. एक महिना आधी सांगेन. तुम्ही काम काय करता?"

"गोदामात असतो," प्लंबर म्हणाला. पिशवी त्यानं वेल्डरकडं ठेवली होती. दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून त्यानं ते घर पाहिलं, एकदाही न वाकता. सही झाली. आता दोघींचे कागद कायम व्हायला याच पत्त्यावर सलग एक वर्ष काढायचं होतं.

दोघी आल्या. बायकोनं बॅगा टेकवल्या, घरभर फिरली आणि सिंकखालचं दार उघडलं. आत बादली अर्धी भरलेली.

"अहो, हे काय? दहा मिनिटांचं काम आहे हे."

"हात लावायचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हात लावायचा नाही! कोरडं झालं की त्याचा मुलगा येईल आणि आपण रस्त्यावर. वर्षभर गळू दे." त्याचा आवाज चढला होता, आणि तो बायकोवर चढला नव्हता हे तिला कळत होतं. ती बादली उचलून ओतून आली.

मुलगी वाकून त्या पाईपकडं बघत होती. मामाच्या घरी दोन वर्षं तिनं येईल त्याला सांगितलं होतं की माझा बाबा जगातला कुठलाही नळ दुरुस्त करतो.

"बाबा, तुला हा येत नाही का रे?"

उद्यापासून ती बाहेर खेळायला जाणार होती, मालकाच्या नातवंडांबरोबर. तिला खरं सांगून चालणार नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "मला नाही येत."