आज कुणी थांबलं का?

संध्याकाळी मी संग्रहालयाला कुलूप लावायला घेतलं की तो मागे येऊन उभा राहायचा. एका हातानं मान खाजवायची, दुसऱ्या हातात फोन, आणि हळूच विचारायचं, "मावशी, आज कुणी थांबलं का?"

कोण कुठं किती वेळ उभं राहिलं ते फोनातच कळतं म्हणे. तरी तो मलाच विचारायचा.

संग्रहालय म्हटलं की तुम्हाला मोठी इमारत दिसेल डोळ्यांसमोर. तसं काही नाही. टोकावड्याच्या रस्त्याला भाताचं जुनं गोदाम आहे. गावच्या मंडळानं लोकांकडून मागून आणलेल्या वस्तू त्यात मांडल्यात. इरली, औत, कणगी, मासे धरायचे बांबूचे सापळे. चावी माझ्याकडे, कारण माझं घर शेजारी आणि मला दिवसभर बोलायला माणूस लागतं. माळशेजला जाणारे लोक गाडी थांबवून आत यायचे, एक चक्कर मारायचे आणि मला विचारायचे, "काकी, टॉयलेट कुठंय?"

तर ह्या लोकांनी जरा थांबून बघावं, म्हणून मंडळानं त्याला बोलावला. मोबाइलवर ॲप बनवायला. मूळचा शहापूरचा, चाळिशीचा. घरचं विचारलं की फोनात बघायला लागायचा, म्हणून मी विचारायचं सोडून दिलं. आमच्या परसातली खोली त्यानं घेतली होती. जेवायला हाक मारली की आतून म्हणायचा, "झालं, मावशी." झालेलं नसायचं. भांड्याचा आवाज तरी यायला नको का?

बोलायचा कमी, बघायचा फार. पाहुणे आले की हातात फडकं घेऊन काचा पुसत त्यांच्या मागनं फिरायचा. एकदा एका बाईनं त्याला सांगितलं, "भैया, इधर भी पोछ दो." त्यानं मुकाट पुसलं. मी हसले तर म्हणतो कसा, "मावशी, त्या काचेपुढं त्या किती वेळ होत्या बघितलंत? माझं पुसून होईस्तोवर. तेवढ्या कुठंच थांबल्या नव्हत्या."

पहिलं ॲप त्यानं खेळाचं केलं. वस्तूवरच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजायच्या, पडद्यावर चांदण्या पडायच्या. शाळेची सहल आली त्या दिवशी पोरांनी गोदाम डोक्यावर घेतलं. मला वाटलं, जमलं ह्याचं. संध्याकाळी बघते तर हा पायरीवर तोंड पाडून बसलेला.

"काय रे?"

"सगळी फोनात बघत होती, मावशी. एक जण औताला अडखळला. तेवढंच औत बघितलं त्यानं."

टाळ्या आणि चांदण्या त्यानं काढून टाकल्या. मग त्याला आवाजाचं सुचलं. फोन वस्तूसमोर धरायचा, फोन ती वस्तू ओळखणार, आणि ज्यांनी ती दिली त्यांचा आवाज कानात येणार. ज्यांना स्वतःच्या फोनात ॲप घ्यायचा कंटाळा, त्यांच्यासाठी दोन जुने फोन दाराशी खुंटीला अडकवून ठेवले.

आवाज घ्यायला मी बरोबर जायचे, कारण ह्याला कुणाच्या दारात उभं राहून हाकही मारता यायची नाही. वैशाखरे गावच्या एका आजींनी भात मापायची लाकडी पायली दिली होती. त्यांच्या ओटीवर बसून तो म्हणाला, "आजी, पायलीबद्दल सांगा ना."

"काय सांगू? भात मापायची."

अंगणात कोंबड्या फिरताहेत, आजी त्याच्याकडे बघताहेत, हा जमिनीकडे बघतोय. मला कुठलं राहवतंय? मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं हातानं थांबवलं. बऱ्याच वेळानं आजी आपल्या आपण बोलायला लागल्या. खळ्यावर भात मापायला त्यांचे मालक बसायचे. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन.

"ते गेले त्या साली मापायला मी बसले. पायली भरली, पण लाभ म्हणायला आवाजच फुटंना. पोरगा म्हणतो, आये, एक म्हण नि कर चालू. मी नाय म्हटलं. भरली पायली मांडीवर घेऊन तशीच बसून रायले."

त्यानं फोन बंद केला, तरी उठला मात्र नाही.

पुढं आजी आपला आवाज ऐकायला संग्रहालयात आल्या. बघतात तर पायली रिकामी. झालं. माझ्याकडून मूठभर तांदूळ मागून त्यांनी पायलीत टाकले. "रिकामं माप मांडून ठेवतात काय रे? घरात काय रायलं नाय असं दिसतं." त्यानं कौतुकानं फोन समोर धरला, तर फोन बोलला, "ही वस्तू ओळखता येत नाही."

"माझी पायली, नि हा मलाच सांगतो?"

"शिकवतो त्याला, आजी," तो म्हणाला. बाकी कुणी असता तर तांदूळ काढले असते. ह्यानं तांदळासकट पायलीचे चारी बाजूंनी नवे फोटो काढले आणि फोनाला पुन्हा सगळं शिकवलं. तेव्हापासून पायलीत तांदूळ असतातच. मी बदलत असते.

त्यानंतर एकदा मान खाजवत मला म्हणाला, "मावशी, पायलीत मी पण आहे थोडा. आजींचं बोलणं संपल्यावरही कुणी तिथंच उभं रायलं, तर माझा आवाज येईल."

"काय बोललास?"

"ते जो थांबंल त्याला कळंल."

"मग मी थांबते की."

"तुमी नाय. तुमी रोजच थांबता."

तेव्हापासून ते रोजचं विचारणं. मी म्हणायचे, "एक जण होता रे बराच वेळ." तो म्हणायचा, "चार्जिंगचा बोर्ड शोधत असंल." खोटं सांगायचं माझ्या फार मनात यायचं. पण खोटं सांगून त्याला काय मिळालं असतं?

काम संपलं, त्याला लांब कुठंतरी नोकरी लागली. मी त्याला एसटीत बसवून आले आणि खोली झाडायला गेले. झाडायला त्यानं काही ठेवलंच नव्हतं. कोनाड्यात तेवढी माझी वाटी होती, भाजी दिलेली. घासून पुसून ठेवलेली, आणि तिच्यात मूठभर तांदूळ.

सुरुवातीला त्याचे फोन यायचे. विचारायचा तेच. मग कमी झाले. आता मी मेसेज केला तर एकच टिक येते. नंबर बदलला असेल.

आणि परवा वैशाखऱ्याच्या आजी आल्या. खुंटीवरचा फोन मी त्यांच्या हातात दिला, त्यांनी पायलीसमोर धरला, मग कानाला लावून स्वतःचंच बोलणं सगळं ऐकलं. ते संपलं की लोक फोन खुंटीला अडकवून निघतात. आजींना तो बंद होतो की नाही तेच माहीत नव्हतं. त्या तशाच उभ्या, एक हात पायलीतल्या तांदळात.

आणि फोनातून तो बोलला, शेजारी मलाही ऐकू आलं. तसाच, हळू.

"थांबलात? बरं वाटलं. घाई नाय ना?"

आजी दचकल्या नाहीत. "घाई कसली रे आता," त्या फोनाला म्हणाल्या. "तू जेवलास का?"

आजी उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. मीही त्यांच्या शेजारी थांबले.

संध्याकाळी कुलूप लावलं आणि चावी हातात घेऊन जरा घुटमळले. आज सांगायला होतं. मागून कुणी विचारलं नाही.