डबी उघडून पाहणारे भाऊ

स्वतःच्या हाताने भरलेला जेवणाचा डबासुद्धा भाऊ आधी झाकण किलकिलं करून पाहत. "मीच भरला, पन रस्त्यात कोनी बदलला असन तं?" चंद्रपूरच्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात ते सीनियर, मी नवा.

मोहर्लीच्या जंगल सफारीचे पास छापायचा प्रोग्राम आमच्याकडे होता. त्याची भाषा कडक शिस्तीची: प्रत्येक माहिती वेगळ्या डबीत ठेवायची, आणि कुठल्या डबीत आकडा, कुठल्या डबीत अक्षरं, ते आधीच सांगायचं. वेबसाइटवरून येणारा माल मात्र वाटेल तसा. वय कुणी आकड्यात देई, कुणी अक्षरांत, कुणी देतच नसे. भाऊ एकेक डबी उघडत, आत काय ते पाहत, मगच त्याची छापायची अक्षरं करत. रिकामी निघाली तर तिची सोय वेगळी. मालक वैतागत. "भाऊ, पास छापून राह्यले का पंचनामा करून राह्यले?"

भाऊ रजेवर गेले आणि मी सगळ्या डब्या न उघडताच छापून टाकल्या. सकाळी मोहर्लीच्या गेटवरून फोन. प्रोग्रामने डबीवरच्या चिठ्ठीसकट नावं छापली होती.

"इथी सगळ्यायचं पयलं नाव स्ट्रिंग हाये!" गार्ड ओरडत होता. "स्ट्रिंग सुनीता, स्ट्रिंग अशोक, स्ट्रिंग डिसोझा. एकाच घरचे हायेत का? अन् एका जागी नुसतं नल. त्याले जिप्सीत कुठी बसवू?"

स्ट्रिंग म्हणजे 'आत अक्षरं आहेत' ही चिठ्ठी, नल म्हणजे रिकामी डबी. पण हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मालक मला काढायला निघाले. भाऊ रजा मोडून आले. वाटलं, सांभाळून घेतील. त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "यानंच केलं. मी नाई." मग म्हणाले, "पन ठेवा याले. हा आता पानीबी पाह्यल्याशिवाय पेनार नाई. नवा आनसान, तं तो पुन्हा पयल्यापासून हेच करन."

नोकरी टिकली. मी भाऊंशी बोलणं टाकलं. सगळ्यांदेखत नाव घेतलं, याचा राग. खरं सांगू? त्यांनी खोटं बोलून वाचवलं असतं तर मला ते आवडलं असतं. चाळिशी ओलांडल्यावर आता कबूल करतो.

ते रिटायर होऊन सावली या आपल्या गावी निघाले, त्या दिवशी निरोपाच्या चहाच्या वेळी मी मुद्दाम बँकेत जाऊन बसलो. परतलो तर ऑफिस रिकामं. माझ्या टेबलावर कागदात बांधलेला आलूबोंडा, सोबत तळलेली मिरची. भाऊंनी माझ्या वाटचा राखून ठेवला होता. पार गार झालेला. दार लावून घेतलं आणि सगळा खाल्ला.

सावलीची बस ऑफिससमोरूनच जाते. मी अजून चढलेलो नाही.