उशीचोर मेहुणा

बहारीनमध्ये मी तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली, पण माझ्या घरी बसून, माझ्या वाटणीचं माशाचं डोकं खाऊन, माझ्याच बायकोला पोट धरून हसवून वर मलाच "भावजी, जरा पाणी" म्हणणारा माणूस साऱ्या आखातात एकच. आमचा मानलेला मेहुणा. मानलेला कोणी? हिने. ही झिंज वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत आली त्या वर्षीची भाऊबीज, ओवाळायला भाऊ नाही म्हणून सकाळपासून मुसमुसत होती. मी शहाणा, खाली दुकानात भेटलेला दाभोळकडचा एक एकटा माणूस धरून वर घेऊन आलो. अंगाला साबणाचा वास, डोक्यावर चोच असलेली टोपी. हिने ओवाळलं, आणि तेव्हापासून दर शुक्रवारी तो जेवायला. हामूरचं डोकं तोवर माझं असायचं, ते त्या दिवसापासून त्याचं झालं. मला शेपटी.

नोकरी त्याची अमेरिकन नेव्हीच्या तळावर, लाँड्रीत. तिथल्या खलाशांकडून त्याला बेसबॉलचा नाद लागला. आपली माणसं शारजाची क्रिकेट मॅच लागली की बिल्डिंगभरची एका टीव्हीपुढे, आणि हा मधूनच उठून चालला. "नुसतं इकडून तिकडे पळतात, भावजी. पोचत कुठेच नाहीत." खलाशांच्या पँटीत राहून मशीनमध्ये धुऊन निघालेली खेळाडूंची चित्रं तो इस्त्री करून ज्याची त्याला परत करायचा. कोणी नको म्हटलं की ते चित्र आमच्याकडे. एका चित्रातल्या माणसाचं तोंडच धुऊन गेलेलं, उरली टोपी आणि हातातली बॅट. हा म्हणाला, "ताई, हा सगळ्यांचा बाप. काळ्या माणसांना तेव्हा मोठ्या लीगमध्ये घेत नव्हते, त्यांची लीग वेगळी असायची. हा तिथला." मी म्हटलं, तोंड नाही तर ओळखलास कसा? "उभं राहण्यावरून." हिने ते चित्र देवाच्या फळीवर ठेवलं. आमच्या लग्नाचा फोटो पेटीत कपड्यांखाली.

पेपर त्याला खलाशांनी वाचून टाकलेले मिळायचे. म्हणजे मॅच महिनाभर शिळी. पण सांगायला लागला की असा घाम पुसायचा, जसा आत्ता मैदानावरून आला. इंग्रजी हिला येत नव्हतं, म्हणून त्याने अख्खा खेळ मराठीत आणला. मैदानाच्या तीन कोपऱ्यांत पांढऱ्या गाद्या असतात, त्या 'उश्या'. जिथून पळायला लागायचं तिथेच फिरून परत यायचं, ते 'घर'. "घरी परत आला तरच मोजतात, ताई. तिसऱ्या उशीपर्यंत जाऊन अडकला तर मफी, काही नाही." एकदा मी वर्कशॉपमधून सुतारकाम आटपून दमून जिना चढतोय, तर दारातून याचा आवाज, "दुसरी उशी चोरली, ताई, आणि कोणाला कळलं नाही!" आणि ही खदखदा हसतेय. माझं डोकं फिरलं. लाथ मारून दार उघडलं तर हा जमिनीवर पोटावर पडून, हात लांब करून, आमच्या उशीला हात लावून दाखवत होता की अमेरिकेत समोरच्यांची नजर चुकवून पुढच्या उशीवर कसे घसरत जातात ते. उशीवर माझ्या डोक्याच्या तेलाचा डाग. ही पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकलेली. माझ्या इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं तेव्हा हसवणारा मी नव्हतो.

मग मी पण हट्टाला पेटलो. सागाच्या तुकड्यातून त्याला बॅट करून दिली, पॉलिशसकट. म्हटलं, आता माझंही नाव निघेल. ती एवढी जड झाली की त्याला खांद्यावर घेता येईना. हिने ती कपडे धोपटायला घेतली. "मस्त लागते हो," म्हणाली. एवढंच कौतुक. आणि त्याच शुक्रवारी याने सांगितलं, की कधीकधी एकजण मुद्दाम स्वतः बाद होतो, म्हणजे दुसऱ्याला पुढच्या उशीवर जाता येतं. तर ही लगेच, "म्हणजे संसारच की, दादा!" आणि माझ्याकडे बघितलं. मी शेपटीतले काटे काढत होतो.

पुढे एका उन्हाळ्यात ही आजारी पडली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, विमानात बसवू नका. तिचं एकच, "मला घरी न्या." गावचं घर, परसातला फणस, ते. मी म्हणायचो, "नेतो, आधी बरी हो." दुसरं काही बोलणं मला सुचायचं नाही. ती भिंतीकडे तोंड फिरवायची. हा आता रोज ड्युटी सुटली की यायचा, आणि दारात दिसला की तिचं तोंड परत इकडे. "दादा, आज कोण घरी पोचलं?" मग सुरू. त्या दिवसांत त्याच्या मॅचीत कोणी अडकतच नव्हता. लंगडे, म्हातारे, पहिल्यांदा खेळणारे, सगळे घरी. एक तर टोपी हातात धरून, धुळीत लोळत. ही डोळे मिटून ऐकायची आणि ओठ हलायचे. मी स्वयंपाकघरात पेज ढवळत उभा. अंगाची नुसती आग व्हायची.

दिवाळीच्या आधी ती गेली.

पुढे काही दिवसांनी त्याचा विसरलेला डबा द्यायला मी तळाच्या गेटवर गेलो. तिथे एक खलाशी उभा होता, तसलीच टोपी घातलेला. बोलायचं म्हणून मी बोललो, "युवर टीम, धिस इयर, व्हेरी गुड." तो म्हणाला, "नो गेम्स. स्ट्राइक. खलास." तिकडे उन्हाळ्यातच खेळाडूंनी संप केला होता. मैदानं बंद. फायनलसुद्धा झाली नव्हती.

त्या शुक्रवारी तो आला. मी डबा पुढे आपटला. "लबाडा, कुठल्या मॅची सांगत होतास रे तिला?"

तो खाली बघून टोपी फिरवत बसला. "ताई विचारायची ना, भावजी, कोण पोचलं म्हणून. संप आहे, सगळे अडकलेत, असं सांगू तिला?"

मला राग यायला हवा होता. आला, पण वेगळाच. एवढं साधं खोटं मला का सुचलं नाही? नवरा मी. बाजूला बसून होतो मी. आणि तिला घरी पोचवत होता हा, धोब्याच्या हाताचा, खालच्या दुकानात सापडलेला.

अजून येतो शुक्रवारी. हामूर मी करतो, कधी खारट, कधी करपलेला. डोकं त्याच्या ताटात वाढतो, तो उचलून माझ्या ताटात ठेवतो, मी परत त्याच्या. शेवटी ते मधे थाळीत राहतं आणि गार होतं. संप केव्हाच मिटला, तिकडे खेळ चालू आहे. मी विचारतो, "कोण पोचलं रे आज?" तो पेपर बघून खरं सांगतो, "तिसऱ्या उशीवर राहिला, भावजी."

"मग खोटं सांग. तिला सांगायचास तसं."

तो टोपी सरळ करतो आणि सांगायला लागतो. पोचतात त्याची माणसं घरी. पण तिला सांगायचा तसं जमिनीवर लोळून नाही सांगत. मला कळतं.